गाडीखालचे साहेब

"बोला, मी गाडीखाली आहे."

साहेब फोन असा उचलायचे. हॅलो नाही, नमस्कार नाही, कोण-कुठले काही नाही. समोर वरच्या ऑफिसातलं कुणी असो, नाहीतर घरून काकू गवार आणता का भेंडी असं विचारत असोत, सगळ्यांना हेच. आणि त्यात खोटं काही नसायचं. माणूस खरोखरच गाडीखाली बसलेला असायचा. डोक्यावरून मुंबईवाली धडधडत चाललीय आणि हे लाकडी स्टुलावर, हातात चहाचा स्टीलचा पेला.

मी पहिल्यांदा फोन लावला तेव्हा हे वाक्य ऐकून माझी बोबडीच वळली. रुळाखालून भुयारी रस्ता काढायचं काम आमच्या ठेकेदार कंपनीला मिळालं होतं. मी कंपनीची साइट इंजिनियर, आणि साहेब रेल्वेकडून देखरेखीला. उद्यापासून येतेय एवढं सांगायचं होतं मला.

"कुठली तू?" साहेबांनी विचारलं.

"सिव्हिल, साहेब. आधी दोन पुलांवर काम..."

"शिक्षण नाय विचारलं. गाव."

"कन्नड."

"या मग, कन्नड. बूट घालून या. इथं सँडल चालत नाय."

झालं. त्या दिवसापासून मी कन्नड. माझ्या आईबापांनी बारशाला घुगऱ्या वाटून नाव ठेवलं होतं, पण साहेबांनी ते शेवटपर्यंत विचारलं नाही. माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची ही त्यांची खोडच होती. "बीड, ओळंबा धर." "परभणी, दांडा हलतोय तुझा, जेवला नाय का?" बीड म्हणजे आमचा गवंडी. परभणी म्हणजे लेव्हल घेताना मोजपट्टीचा उंच दांडा धरून उभा राहणारा आमचा माणूस. पुढं आणखी एक परभणीचा गडी कामावर आला, तेव्हा जुन्याला साहेबांनी बढती दिली आणि परभणी जंक्शन केलं. तो इतका खूश झाला की त्यानं घरी फोन करून सांगितलं. वरच्या ऑफिसातल्या मोठ्या अधिकाऱ्यांना मात्र साहेब पाठीमागं सुपरफास्ट म्हणायचे, कारण ते साइटवर यायचे पण थांबायचे नाहीत.

ते जुनं फाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गाड्यांची एवढी वर्दळ की फाटक उघडं कमी आणि पडलेलंच जास्त. पुंडलिकनगरकडून येणारी सगळी दुनिया तिथं तुंबायची. मग दुचाकीवाले गाडी आडवी करून दांड्याखालून काढायचे, बाया पदर खोचून वाकायच्या, टाय लावलेले साहेबलोक बॅग आधी सरकवायचे आणि मग स्वतः सरकायचे. पलीकडं गेल्यावर असं बघायचे जणू गड जिंकलाय. साहेबांना ह्या प्रकाराची भयंकर चीड. त्यांचं स्वतःचं घर फाटकापलीकडंच होतं, पण हा माणूस फाटक उघडं असलं तरी स्कूटरवरून उतरायचा, डावीकडं बघायचा, उजवीकडं बघायचा आणि मग स्कूटर हातानं ढकलत रूळ ओलांडायचा. मागं हॉर्नचा नुसता कल्ला.

"ओ काका, फाटक उघडंय!" कुणीतरी ओरडायचंच.

"मला दिसतंय उघडंय ते. गाडीला दिसतंय का?"

फाटकाशेजारी चहाची गाडी लावणारे चाचा तेवढे हसायचे. "साब कू जल्दी नक्को," असं म्हणून पेला पुढं करायचे. खरं तर फाटक गेलं की चाचांची बंद फाटकावरची गिऱ्हाइकं जाणार होती, पण त्यांचा चहा साहेबांना रोज अगदी वेळेवर पोचायचा.

आमचं काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रुळाच्या बाजूला खड्ड्यात काँक्रीटची भली मोठी पेटी ओतायची. दोन्ही टोकं उघडी, आतून बस जाईल एवढी. पेटी पक्की झाली की मागून जॅक लावून ती हळूहळू रुळाखाली ढकलायची. पुढची माती खोदत जायची, पेटी ढकलत जायची. वरून गाड्या चालूच राहतात, फक्त तेवढ्या टप्प्यात अगदी सावकाश. पहिल्या दिवशी आमची माणसं आत जाईनात. डोक्यावर गाडी आणि खाली आम्ही, असलं काम कुणी सांगितलंय, म्हणाली. बरोबरच होतं त्यांचं. मी आपली कंपनीच्या भाषेत समजावत बसले होते. साहेबांनी चाचांचं स्टूल उचललं, पेटीत शिरले, अगदी पुढं मातीच्या तोंडाशी स्टूल टाकलं आणि चहा मागवला.

"गाडी आली की तुम्ही समदे बाहेर. आत मी बसणार. मला काही झालं तर काम सोडून खुशाल घरी जायचं. हाय कबूल?"

त्यानंतर हाच रिवाज पडला. गाडीची शिट्टी झाली की खोदकाम थांबायचं, माणसं बाहेर यायची आणि साहेब आत जायचे. नियमात हे बसत होतं की नाही मला माहीत नाही. बहुतेक नव्हतंच. गाडी वरून जाताना ते पेल्यातल्या चहाकडं टक लावून बघायचे. चहावर गोल लाटा उठल्या तर सगळं ठीक, चहा एका अंगाला चढला तर रूळ कलतोय, असं त्यांचं शास्त्र.

"साहेब, हे कुठल्या पुस्तकात नाही," मी एकदा म्हणाले.

"पुस्तकवाले चहा पीत नसतील, त्याला मी काय करू?"

आणि लगेच खिशातून मूठभर फुटाणे काढून माझ्या हातावर. ही आणखी एक तऱ्हा. त्यांच्या शर्टाचा खिसा कायम फुटाण्यांनी फुगलेला. ज्याला रागावले त्याला नंतर फुटाणे मिळायचे, आणि रागावणं जेवढं मोठं तेवढी मूठ मोठी. एकदा माझ्याकडून जॅकचा क्रम चुकला, तेव्हा मला दोन्ही हातांची ओंजळ करावी लागली होती.

पण चहाचं शास्त्र ही त्यांची हौस होती. खरा भरवसा होता तो लाल दगडावर. रूळ खाली बसतोय का, हे मोजायला एक न हलणारी जागा लागते. तिच्यावर मोजपट्टीचा दांडा उभा करायचा, दुर्बिणीतून आकडा वाचायचा, मग तोच दांडा रुळावर ठेवून वाचायचा, आणि फरक काढायचा. साहेबांनी रुळापासून लांब, निंबाच्या झाडाखाली एक दगड जमिनीत पक्का रोवून घेतला होता. डंपरवाल्यांना दिसावा म्हणून त्याला उरलेला लाल ऑक्साइड फासला, तोही स्वतःच्या हातानं. रोज सकाळी आल्या आल्या ते वाकून त्याच्यावर तळवा ठेवायचे. हलतोय का बघायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस देवाच्या पाया पडतोय. प्रत्यक्षात साहेबांनी देवळाची पायरी चढलेली मी कधी बघितली नाही.

एकदा ते मला घरी जेवायला घेऊन गेले. काकूंनी भाकरी, पिठलं आणि ठेचा केला होता. एक भाकरी ताटात आणि दुसरी तव्यावर, नको म्हणायची सोयच नाही. वाढता वाढता काकू मला म्हणाल्या, "काय सांगू पोरी, हे फोन उचलतेत अन् म्हणतेत, गाडीखाली आहे. रोज जीव टांगणीला लागतो बघ माझा. इतक्या वर्षांचा संसार, पण सवय झाली नाय."

साहेब ठेच्याकडं बघत म्हणाले, "उगं जीव नको टांगून ठिवूस. निंबाखाली तो लाल दगड हाय ना, तो हाय तवर माझ्या केसाला धक्का लागत नाय."

काकू भाकरी हातात घेऊन तशाच थांबल्या. "खरंच?"

"विचार हिला."

मीही मान डोलावली. खरंच होतं की ते.

त्याच जेवणात मला साहेबांची बढतीची गोष्ट कळली. निवृत्ती जवळ आली होती, आणि जाण्याआधी त्यांना वरची खुर्ची मिळणार हे जवळजवळ नक्की होतं. काकूंनी तर सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. शेजारणींना जेवण घालायचं ठरलं होतं, पुरणाचं. साहेबही वरवर नको नको म्हणत होते, पण चेहरा सांगत होता. "सगळी नोकरी रुळावर गेली, कन्नड. अन् माझ्यावर एक चार्जशीट नाय. विचार कुणालाबी. असं कोरं राहणं सोपं नसतंय." हे ते साइटवरही दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. आम्ही मागं नक्कल करायचो. पण त्या घरात, काकूंच्या समोर ते वाक्य ऐकलं आणि मला कळलं की हा माणूस आयुष्यात फक्त एवढी एकच गोष्ट मागतोय.

मग तो दिवस आला.

पेटी बरोबर रुळाखाली पोचली होती. सगळ्यात नाजूक जागा. सकाळी जॅकचं तेल गळायला लागलं म्हणून साहेब स्कूटर लावून थेट आत पळाले. मुंबईवाली येण्याआधीची लेव्हल मी घेत होते. परभणी जंक्शननं दगडावर दांडा धरला, मी लांबून दुर्बिणीत दिसला तेवढा आकडा लिहिला. मग रुळावर धरला. मी हिशोब केला. रूळ चार बोटं खाली बसला होता. पुन्हा घेतलं, तेच. दुसऱ्या रुळावर घेतलं, तिथंही तेच.

"साहेब!" मी एवढ्या जोरात ओरडले की चाचाही चहाची गाडी सोडून पळत आले.

साहेबांनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावला. एकदाच. लांबून गाडीची शिट्टी ऐकू येत होती. त्यांनी झेंडीवाल्याच्या हातातली लाल झेंडी हिसकावली आणि धावत सुटले. मी ह्या माणसाला कधी भरभर चालतानासुद्धा पाहिलं नव्हतं. एका हातानं पोट सांभाळत, खडीवरून घसरत, खिशातले फुटाणे उधळत ते गाडीच्या दिशेनं पळत होते. पुरेसं लांब गेल्यावर दोन रुळांच्या मधोमध उभे राहिले आणि झेंडी हलवायला लागले. गाडी सावकाश होती म्हणून बरं. तरी चाकांची जी किंचाळी उठली, ती अजून माझ्या कानात आहे. इंजिन त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर थांबलं. साहेब जागचे हलले नव्हते.

मेन लाइन बंद पडली. मागच्या स्टेशनांवर गाड्या अडकल्या, फाटकाच्या दोन्ही बाजूंना गर्दी झाली. लोक डब्यातून उतरून आम्हाला शिव्या घालायला लागले. चाचा म्हणाले, "साब, अब क्या पूरी गाडी कू चाय पिलाते?" साहेबांनी रुळाला दोरी ताणून बघितली. दोरी सरळ. रुळांमधलं अंतर मोजलं, बरोबर. मग लांबच्या दुसऱ्या एका खुणेवरून पुन्हा लेव्हल घेतली. रूळ होता तिथंच होता, केसभरही हलला नव्हता.

साहेब उठले आणि निंबाकडं चालायला लागले. मी मागं.

लाल दगड सुरेख ओट्यावर बसला होता. नवाकोरा, गिलावा केलेला, कडा सरळ काढलेल्या ओट्यावर. दगडाला हळदकुंकू वाहिलेलं, पुढं नारळ, बाजूला मोगऱ्याची फुलं. दगड चार बोटं वर गेला होता, म्हणून रूळ चार बोटं खाली दिसत होता.

"जंक्शन," साहेब शांतपणे म्हणाले, "तुला हा ओटा दिसला नाय?"

"दिसला की, साहेब. वाटलं, तुम्हीच बांधून घेतला. मी फुलं बाजूला केली, पाया पडलो अन् मंग दांडा ठिवला."

त्याच्यावर हसावं की रडावं मला कळेना. साहेबांनी जंक्शनला रुळाकडं पिटाळलं आणि बीडला बोलावलं. ओटा इतका नेटका होता की दुसऱ्या कुणाचा हात असणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, "काल सांजच्याला काकू आल्या व्हत्या, साहेब. म्हनल्या, आमच्या घरधन्याचा जीव ह्या दगडावर हाय अन् ह्याच्यावर शेळ्या बसत्यात. नीट वर उचलून ओटा करून दे, म्हनल्या. साहेबांच्या घरचं सांगनं, मी नाय कसं म्हनू? मला काय ठावं तुमी त्याच्यावर मोजता म्हनून!"

आम्ही तिघं तिथं उभे, पलीकडं आख्खी गाडी उभी, इंजिनवाला भोंग्यावर भोंगे देतोय. साहेबांनी त्या मोगऱ्याकडं बघितलं. मग खिशात हात घातला, उरलेले फुटाणे काढले आणि बीडच्या हातावर ठेवले. रागावण्याच्या आधीच फुटाणे दिलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"हे तू सांगितलं अन् हिनं ऐकलं. आता दोघांनीबी इसरायचं," ते म्हणाले आणि गाडी सोडायला गेले.

चौकशीला सुपरफास्ट आले, आणि त्या वेळी मात्र थांबले. निंबाखाली खुर्च्या टाकल्या. मी बाजूलाच उभी होते.

"दगड कुणी हलवला?" त्यांनी विचारलं.

"कुणी का हलवंना, साहेब. रोज हात लावून बघायचं काम माझं होतं. त्या दिवशी मी हात लावला नाय."

"तुम्ही मेन लाइन थांबवलीत. विनाकारण."

"थांबवली. उद्या रूळ खाली दिसला तर उद्याबी थांबवीन. कारण मागनं शोधता येतं." आणि खिशातून मूठ काढून पुढं केली. "फुटाणे घ्या."

त्यांनी घेतले नाहीत. चार्जशीट मात्र दिली.

सुपरफास्ट गेल्यावर मी भडकलेच. मला गप्प बसायचं वळणच नाही. "अहो, सांगून का टाकत नाही? तुमचा काय दोष ह्याच्यात? बढती जाईल तुमची! आयुष्यभर जपलेलं असं सोडून द्यायचं?"

"काय सांगू? मी जगावं म्हणून बायकोनं दगड उचलला, असं लिहून देऊ?"

साहेब निंबाखालच्या रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचायला लागले.

"दगड हाय तवर मला काही होत नाय, हे तिला कुणी सांगितलं? म्याच ना? तिनं माझ्या शब्दावर भरवसा ठेवला, कन्नड. इंजिनियरच्या शब्दावर असाच ठेवायला पायजे." मग एकदम कामाचा आवाज लावला. "अन् बीडला म्हणावं ओटा फोडू नको. झकास बांधलाय. दगड आहे तिथं राहू दे, आपण आकडा बदलू."

ओट्यावरच्या दगडाची नवी उंची मोजून आम्ही तीच पुढं धरली, आणि पेटी पलीकडं निघेपर्यंत सगळं काम त्याच दगडावरून केलं. परभणी जंक्शन रोज फुलं बाजूला करायचा आणि लेव्हल झाली की पुन्हा वाहायचा. साहेब पुन्हा रोज सकाळी तळवा ठेवायला लागले. पेटीत बसणंही चालूच होतं. आमच्या एकाही माणसाला खरचटलं नाही, आणि हे मी आजही कुणालाही ताठ मानेनं सांगते.

बढती गेली. गल्लीतलं पुरणाचं जेवण झालं नाही. काकूंना त्यांनी काय सांगितलं ते मला काकूंकडूनच कळलं. ह्यांनीच खुर्ची नको म्हणून सांगितलं म्हणे, बसून कंबर धरते. काकूंनी ते खरं मानलं होतं, आणि दोन दिवस रुसून बसल्या होत्या.

भुयारी रस्ता सुरू झाला त्या दिवशी एक मजा झाली. रस्ता मोकळा, फाटक कायमचं बंद, माणसं हौसेनं खाली उतरायला लागली. तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी झाली, आणि सगळी रांग भुयाराच्या तोंडाशी थांबली. इंजिनं बंद केली. एक जण तर सवयीनं गाडी आडवी करायला लागला होता. वरून मुंबईवाली धडधडत गेली, मग लोक एकमेकांकडं बघून हसले आणि पुढं निघाले. चाचांनी हे बघितलं आणि चहाची गाडी आणून तिथंच लावली. कितीतरी दिवस त्यांचा धंदा त्या सवयीवर जोरात चालला.

मागच्या वर्षी कामानिमित्त त्या बाजूला गेले होते. भुयाराच्या अलीकडं निंबाखाली एक जुनी स्कूटर उभी दिसली. साहेब निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, केस पार पांढरे, पण खिसा फुगलेलाच. काकू ओट्यापाशी वाकून फुलं वाहत होत्या. लाल रंग ताजा दिसत होता. मी गाडी थांबवून हाक मारली.

"आली का कन्नड?" साहेबांनी एवढंच म्हणून फुटाणे हातावर ठेवले.

काकूंनी माझा हात धरला आणि दगडापाशी नेलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाया पड पोरी. लई जागृत हाय. हे रोज गाडीखाली बसायचे, पण ह्यानं धक्का लागू दिला नाय बघ. अन् तुला सांगते, मी ओटा बांधून दिला अन् दुसऱ्याच दिवशी ह्यानं मेन लाइनची गाडी थांबवली. चाचानं सांगितलं मला. यांच्या अगदी म्होरं येऊन थांबली म्हणे. बोल, ह्यानंच थांबवली का नाय?"

मी साहेबांकडं बघितलं. ते वाकले होते, तळवा दगडावर ठेवून. हलतोय का बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "त्यानंच थांबवली."